साडेचार किलोचं डोकं

शाल्मलीचं डोकं दुखत होतं, आणि ही गोष्ट तिनं अकरा दिवस कुणालाही सांगितली नव्हती.

दुपार झाली की उजव्या डोळ्याच्या वर कुणीतरी अंगठा रोवल्यासारखं वाटायचं. मग ती कळ कपाळभर पसरायची. शाल्मली ओला रुमाल कपाळावर ठेवून पडून राहायची आणि आत्या शाळेतून येण्याआधी उठून बसायची.

सांगायची सोय नव्हती. शाल्मलीचा जन्म चंद्रावरच्या वसाहतीतला. तिचे आईबाबा तिथं खडकांचा अभ्यास करत. बारा वर्षांची झाल्यावर ती पहिल्यांदा पृथ्वीवर आली, लोणारला, आत्याकडे. नियम असा होता की नव्वदाव्या दिवशीच्या तपासणीत शरीर इथं रुळलेलं दिसलं तर राहायचं, नाही तर पुढच्या यानानं परत. आणि शाल्मलीला परत जायचं नव्हतं. तिला पक्षी पाहायचे होते. चंद्रावर सगळं होतं, अगदी कोथिंबिरीचे वाफेसुद्धा, पण पक्षी नव्हते.

बाराव्या दिवशी आत्या लवकर घरी आली.

“हे काय? कधीपासून दुखतंय?”

“आजच,” शाल्मली म्हणाली.

“अकरा दिवसांपासून,” स्वयंपाकघरातून बंड्याचा आवाज आला. बंड्या हा आत्याचा घरकाम करणारा यंत्रमानव. त्याला पोळ्या उत्तम जमत, खोटं बोलणं मात्र मुळीच जमत नसे. “रोज दोन वाजता ओला रुमाल मागते.”

आत्या रागावली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं शाल्मलीला इस्पितळात नेलं. तिथं मेंदूची चित्रं काढली, डोळे तपासले, रक्तदाब पाहिला. सगळं ठणठणीत.

“डोक्यात काहीच बिघाड नाही,” तिथले डॉक्टर म्हणाले.

“मग दुखतंय काय?” शाल्मलीनं विचारलं.

याचं उत्तर शोधू शकेल अशा एका व्यक्तीचा पत्ता त्यांनी दिला.

डॉ. रेहाना मुजावर कायरोप्रॅक्टर होत्या (म्हणजे पाठीचा कणा आणि सांधे हातांनी तपासून त्यांवर उपचार करणाऱ्या). केस पांढरे, हात मात्र सुताराचे असावेत तसे मजबूत. त्यांनी इस्पितळाचे सगळे कागद नीट वाचले. हात बधिर होतात का, चक्कर येते का, ताप येतो का, हेही विचारलं. मग म्हणाल्या, “बेटा, अंगणातल्या त्या चिंचेपर्यंत चालत जा आणि ये.”

शाल्मली गेली आणि आली.

“चिंचेवर काय होतं?”

“चिंचेवर? मी पाहिलं नाही.”

“पाच पोपट होते. केवढा कलकलाट करत होते! तू चालताना पायांकडेच बघत होतीस.”

शाल्मली ओशाळली. “इथं सगळं फार जोरात पडतं. चंद्रावर पेला हातातून सुटला तर खाली पोचायच्या आत पकडता येतो. इथं मी स्वतःच पडेन अशी भीती वाटते.”

“हं. आता जरा खाली बस.” डॉक्टरांनी तिच्या कवटीखाली, मानेच्या उजव्या बाजूला बोट हलकेच दाबलं.

“आई गं!” शाल्मली ओरडली. आणि मग चकित होऊन म्हणाली, “तुम्ही दाबलंत मानेत, आणि कळ आली डोळ्यावर!”

“सापडलं!” डॉक्टर हसल्या. “समज, एका घराला दोन दारं आहेत, पुढचं आणि मागचं. पण दोन्हींना मिळून घंटा एकच. मागच्या दारी कुणी बटण दाबलं, तर घरातला माणूस कुठं धावेल?”

“पुढच्या दारी. नेहमी तिथूनच लोक येतात ना.”

“तुझा मेंदू तेच करतोय. मानेच्या वरच्या भागातले मज्जातंतू (मेंदूकडे निरोप नेणारे बारीक धागे) आणि कपाळाचे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी एकाच जागी येऊन मिळतात. मान ओरडते, मेंदूला वाटतं कपाळच ओरडलं. याला संदर्भित वेदना म्हणतात (एका जागी उपजलेली, पण दुसऱ्या जागी जाणवणारी वेदना).”

“पण मान का ओरडते?”

डॉक्टरांनी तांदळाची एक पिशवी तिच्या हातात दिली. “साडेचार किलो. तुझ्या डोक्याचं वजन साधारण एवढंच. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना स्वतःकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकं. म्हणजे तिथं हेच डोकं तुला किती वाटायचं?”

शाल्मलीनं मनात भागाकार केला. “पाऊण किलो!”

“आता ही पिशवी छातीशी धर. जमतंय? आता हात लांब करून धर.”

शाल्मलीचे हात लगेच थरथरू लागले.

“मान पुढं वाकवली की मानेच्या स्नायूंचं हेच होतं. पृथ्वीवर यायच्या तयारीसाठी तुम्ही तिथं पायांना, कमरेला वजनं बांधून व्यायाम केलात. मानेचा विचार मात्र कुणीच केला नाही.”

उपचार सुरू झाले. मान कटकन मोडतील या भीतीनं शाल्मली अंग चोरून बसली होती. पण डॉक्टर म्हणाल्या, “लहान मुलांच्या मानेला मी झटका देत नाही.” त्यांनी आखडलेले स्नायू हळूहळू सैल केले, सांधे अलगद हलवले. “माझ्या हातांनी थोडा आराम पडेल. खरं काम तुझं. हनुवटी मागं घेऊन दहा आकडे मोजायचे, दिवसातून चार वेळा. आणि चालताना नजर समोर.”

“डॉक्टर,” शाल्मली हळूच म्हणाली, “हे तपासणीच्या कागदावर लिहाल?”

“लिहावंच लागेल.”

“मग मला परत पाठवतील!”

“कदाचित. पण खोट्या कागदावर मी कुणाला राहू देणार नाही, बेटा.”

शाल्मली घरी येऊन खूप रडली. संध्याकाळी आत्या तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, स्वतःचीच हनुवटी मागं घेतली आणि मोठ्यानं आकडे मोजू लागली. सहाव्या आकड्यापासून शाल्मलीही मोजू लागली.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. पहिल्या आठवड्यात फरकच पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दुपार बिनदुखीची गेली. पाचव्या आठवड्यात शाल्मली सरोवराच्या काठानं मान वर करून चालली, दोनदा ठेचकाळली आणि सुगरणीची अकरा घरटी मोजून आली.

नव्वदाव्या दिवशी तपासणी समितीसमोर तिनं स्वतःच सगळं सांगितलं. लपवलेले अकरा दिवससुद्धा. “अजून दुखतं,” ती म्हणाली, “पण आठवड्यातून एखाद्या वेळी. आणि कशानं दुखतं ते मला ठाऊक आहे.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “पुढच्या यानानं आठ मुलं येणार आहेत. त्यांच्या मानांचं काय करायचं?”

परतीचा विषय तिथंच संपला.

पुढच्या महिन्यात शाल्मली आणि डॉ. मुजावर पडद्यासमोर बसल्या. पलीकडे चंद्रावरची आठ मुलं होती. प्रत्येकाच्या हातात डॉक्टरांनी सुचवलेली, वाळूचे कप्पे असलेली टोपी होती. इथला शब्द तिथं पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागत.

“किती वाळू भरायची?” सगळ्यात लहान इरानं विचारलं.

“आज फक्त एक मूठ,” शाल्मली म्हणाली. “दर आठवड्याला थोडी थोडी वाढवायची. आणि दुखलं तर लगेच सांगायचं हं.”

अडीच सेकंद पडदा शांत होता. मग आठ टोप्या आठ डोक्यांवर चढल्या, आणि आठही जणं त्या वजनाची गंमत पाहायला एकदम छतापर्यंत उडाली.