शेळीनं टाळलेला वेल

"अहो बाई, ती पिशवी बांधू नका!"

कळंबजवळच्या वाशीच्या डोंगरउतारावर आपल्यावर कुणी ओरडेल, हे ज्ञानेश्वरीच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं मान वर केली, तर शेळ्यांच्या घोळक्यातून एक उंच तरुण खडक उतरत येत होता. खांद्यावर घोंगडी, कपाळावर भंडारा, आणि डोळे... डोळ्यांकडे तिनं दुसऱ्यांदा पाहिलं, ते उगाचच!

"का बांधू नको? परवानगी आहे माझ्याकडे."

"परवानगी राहू द्या. दोन येलांची पानं एकात टाकलीत तुमी."

"एकच वेल आहे हो. फुलं बघा की, अगदी सारखी!"

"फुलाचं म्या काय सांगू... पर ह्यो येल शेळी वरबाडती, अन् त्या दुसऱ्याला तोंड बी लावत न्हाय. आमची आई म्हणती, ह्या बहिणी न्हाईत, शेजारणी हायेत."

ज्ञानेश्वरी खुदकन हसली. कळंबहून विद्यापीठात जाऊन इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र घोटलं, ते शेळीकडून शिकायला? पण त्याचा चेहरा पडला, तसं तिचंच मन खट्टू झालं. तिनं पिशवी रिकामी केली, दोन्ही वेलांची पानं पुन्हा वेगवेगळी खुडली आणि शेळी टाळते त्या वेलाच्या पिशवीवर ठसठशीत लिहिलं, 'शेळी'.

"झालं समाधान?"

"नाव इचारलं असतं, तर जास्त झालं असतं. मल्हार." मग पिशवीकडं बघत तो म्हणाला, "काय करता ह्या पानांचं?"

"पानात हिरवे बारीक कण असतात, हरितलवकं. झाडाच्या खानदानाची नोंद त्यांच्यात असते. दोन झाडांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, की कळतं, कोणती फुलझाडं कुणापासून, कधी वेगळी झाली. आणि गंमत म्हणजे, ती नोंद बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येते."

"मंजी झाडं आईचं नाव लावत्यात म्हणा की!"

इतकं सोपं करून तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

चार महिन्यांनी प्रयोगशाळेत दोन्ही नोंदी पडद्यावर आल्या. शेकडो ठिकाणी फरक! तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "नमुन्यांची सरमिसळ झालीय. ती 'शेळी' काढून टाका."

काढून टाकली असती, तर प्रबंध सुखरूप होता. अडून बसली आणि चुकली, तर तीन वर्षांची मेहनत हसण्यावारी जाणार होती. पण मल्हारला खोटं पाडायला तिचं मन धजेना.

"सर, एकदा पारखून बघू द्या."

श्रावणात, फुलं यायच्या आधीच, ती पुन्हा वाशीला आली. मधल्या काळात फोन होतेच, शेळ्यांची खुशाली विचारायला! ती एकेक वेल दाखवी, मल्हार पान चुरगाळून हुंगे आणि सांगे, "बहीण... शेजारीण... बहीण." शेळी खाते ती बहीण, टाळते ती शेजारीण. असे वीस वेल. पानं तिनं तपासायला दिली, आणि ती यादी पाकिटात बंद करून सरांच्या हवाली केली.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं, तेव्हा सरांनी पाकीट फोडलं. विसापैकी वीस! सर खुर्चीतून उठले. "कोण हा तज्ज्ञ?"

"शेळ्या राखतो, सर," ती म्हणाली. तिची मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

संक्रांतीला शोधनिबंधाचा मसुदा घेऊन ती उतारावर पोचली. "हे बघा, लेखकांत तुमचं नाव!"

मल्हार कागदाकडं बघत राहिला. छाती फुगली होती, डोळे भरले होते. तरी मान हलवत म्हणाला, "माझं नगं. आईचं लावा. नागूबाई. मला कुठनं आलं हे? तिच्याकडनंच की... तुमच्या त्या हिरव्या कणासारखं."

ज्ञानेश्वरीला त्याचा फार अभिमान वाटला. कागदावर तिनं 'मल्हार' खोडलं, 'नागूबाई' लिहिलं. आणि आज पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करून बोलली.

"बरं... पण तुझं नाव मी वाया जाऊ देणार नाही. दुसरीकडं लावते."

"कुठं?"

"लग्नपत्रिकेवर... माझ्या शेजारी."

मागं मल्हारच्या शेळ्या कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.