चार दहाची पाळी

हे खरं घडलंय. मामी आमच्या घरापासून दोनच गल्ल्या सोडून राहते.

त्या कामातून मामाला काय मिळणार होतं, ते आधी सांगते. पक्की नोकरी. आणि मामीची बोलणी कायमची बंद. मामाच्या हिशोबात दुसरी कमाई मोठी.

शहराला पाणी सोडणाऱ्या पंपघरातला जुना कॉम्प्युटर जळला. नवा आला, पण पंप चालवणारा प्रोग्रॅम जुनाच. दर दहा मिनिटांनी तो विचारायचा, 'ऑपरेटर हजर?' मिनिटभरात कळ दाबली नाही, तर पंप बंद. नव्या मशीनवर तो असा सुसाट पळायचा, की प्रश्न दिसायच्या आत मिनिट संपलेलं!

मग दुरुस्तीला बोलावलेल्या मामाने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्याचं सोंग उभं केलं. तोच संथ वेग. आजची तारीख प्रोग्रॅमला पचेना. टेबलावर हजेरीची जुनी वही होती. शेवटच्या भरलेल्या पानावरची तारीख मामाने उचलली. वेळ टाकली सकाळी आठची.

तिथेच चुकला.

'ऑपरेटर हजर?'

मामाचे दोन्ही हात वायरींत. तो कळीकडे झेपावणार, तोच...

खट.

कळ आपोआप दबली. 'हजर.'

दहा मिनिटांनी पुन्हा... खट.

"ही वही अर्धीच का हो?" मामाने वॉचमनला विचारलं.

"तात्या ऑपरेटरची. बदलीवाला चारला यायचा, तो आलाच नाही. चार दहाला तात्या याच खुर्चीत गेले."

प्रोग्रॅमच्या घड्याळात चार दहा झाले, तेव्हा खट झालं नाही. पंप थांबला.

दुसरा कुणी पळाला असता. मामाने घड्याळ परत आठवर नेलं.

खट.

"इथे माणूस बसवावा लागेल ना?" पाणीखात्याच्या साहेबांनी विचारलं.

"छे हो साहेब! हजेरी आपोआप लागते. मीच बसवलंय तसं."

"वा! मग तुम्हीच राहा आता, कायमचे."

तेव्हापासून दर आठ तासांनी, त्या घड्याळात चार वाजले की मामा ते मागे आठवर न्यायचा. मेलेल्या माणसाची सुट्टीच होऊ देईना.

अकराव्या दिवशी त्या घड्याळात बरोबर चार वाजताना मामीचा फोन आला.

"तिकडेच संसार मांडलाय का? सकाळी सांगितलेलं एक तरी काम लक्षात आहे?"

"अगं, जरा थांब..."

"थांबतेच आहे, लग्न झाल्यापासून!"

मामी दहा मिनिटं बोलली. मग फोनच्या पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी म्हातारं माणूस दमून सुस्कारलं... आणि दार लोटून गेलं.

"कोण आहे हो तिथे?"

पलीकडून फक्त... खट.

वॉचमन आत आला तेव्हा मामा तात्यांच्या खुर्चीत ताठ बसलेला. पडद्यावर दोनच शब्द होते. 'पाळी बदलली.'

मामाला घरी आणलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. तो भिंतीकडे बघत बसतो. दर दहा मिनिटांनी उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांडीवर आपटतं. पंपघरात कुणी नसतं. पंप चालू असतो.

एकदा मामीने ते बोट दोन्ही हातांनी आवळून धरलं. मिनिटभर...

स्वयंपाकघरातला नळ गुरगुरला आणि थांबला. मग आमचा. मग गल्लीतले सगळे.

तिने हात सोडला.

शहराला पाणी मिळालं. तात्यांना सुट्टी मिळाली. मामाला नोकरी मिळाली, पक्की.

आणि मामी त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही.