बाटलीतला तिरका बर्फ

"उद्यापासून पाक बंद," थंकम्मा चेचींनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा जिस्मोलने हातातला अर्धा सोललेला अननस तसाच खाली ठेवला.

ओणम सणाच्या सुट्टीत ती, तिचा धाकटा भाऊ टोबिन आणि शेजारची शिफाना वाळक्कुळम गावच्या बायकांच्या अननस-केंद्रात मदतीला जात. थंकम्मा चेची, म्हणजे थंकम्माताई, केंद्राच्या प्रमुख. गोठवण्याआधी फोडी काही तास साखरेच्या दाट पाकात बुडवायच्या, ही जिस्मोलच्या अम्माने, लिसीने, सुरू केलेली पद्धत. पण कोचीच्या आइस्क्रीमवाल्याने दुसऱ्यांदा माल परत पाठवला होता. फोडी लिबलिबीत! फ्रीझर सांभाळणारे वर्की चेट्टन, म्हणजे वर्कीदादा, दोष पाकाला देत होते. अम्माने पाकाचं पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं.

"पाकाने फोड मऊ पडते का, ते आपणच बघू," शिफाना म्हणाली.

तिच्या घरच्या फ्रीजमध्ये त्यांनी दोन वाट्या गोठवल्या, एक पाकातल्या फोडींची, एक साध्या. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळल्यावर साध्या फोडी स्वतःच्याच पाण्यात लिबलिबीत होऊन बसल्या. पाकातल्या मात्र दाताखाली कुरकुरल्या. पाक फळातलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे बर्फ कमी होतो आणि फळ आतून फाटत नाही, असं अम्मा नेहमी सांगायची. ते खरंच होतं.

मग टोबिनला एक गोष्ट खटकली. नीट गोठलेल्या फोडी पिशवीत सुट्या खुळखुळतात. परत आलेल्या पिशव्यांत त्यांचा एकच गोळा झाला होता. केंद्राबाहेर न गेलेल्या पिशव्यांतही तसाच गोळा! म्हणजे माल इथेच वितळून पुन्हा गोठत होता.

जिस्मोलने लहान बाटलीत थोडं पाणी घालून ती शिफानाच्या फ्रीजमध्ये आडवी कलती ठेवली. तिरका बर्फ जमल्यावर, शनिवारी संध्याकाळी, केंद्राच्या फ्रीझरमध्ये वरच्या जाळीत ती सरळ उभी करून ठेवली. रविवारी केंद्राला सुट्टी असे.

सोमवारी बाटलीतला बर्फ सपाट होता, म्हणजे तो वितळून पुन्हा गोठला होता. फ्रीझरच्या प्लगवर लाकडाचा ताजा भुसा होता.

तिघं बाटली घेऊन थेट थंकम्मा चेचींसमोर उभी राहिली. वर्की चेट्टनही तिथेच होते. जिस्मोलने एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. भुशाचं नाव निघताच वर्की चेट्टन खाली बघू लागले. स्वतःच्या घराच्या दारांसाठी ते रविवारी इथे करवत यंत्र चालवत. यंत्र आणि फ्रीझर एकदम लावले की फ्यूज उडे, म्हणून ते फ्रीझरचा प्लग काढून ठेवत.

"एक दिवसच तर बंद असायचा," ते पुटपुटले. "झाकण बंद असतं, गार राहील असं वाटलं."

"आणि लिसीचं नाव खराब होत होतं, ते?" थंकम्मा चेचींनी विचारलं. वर्की चेट्टन अम्माकडे वळले आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी तिची माफी मागितली. फ्रीझरची किल्ली चेचींनी त्यांच्याकडून काढून घेतली. मग त्या मुलांना म्हणाल्या, "आम्ही मोठ्यांनी जे आधी तपासायला हवं होतं, ते तुम्ही तपासलंत."

दुपारी पुन्हा पातेलं चढलं. अम्माने मोठा झारा जिस्मोलच्या हातात दिला.

"पाक झाला की नाही, ते आज तू सांग."