परतीचा कौल

कुडाळच्या परवाना केंद्रात सकाळी दहा वाजता कौल लागायला सुरुवात व्हायची. यंत्राचं सरकारी नाव ‘प्रत्यागमन-मापक’. पण इतकं लांबलचक नाव घ्यायची हौस कोकणी माणसाच्या जिभेला कुठली? देवाला फुलं लावून कौल मागायचा, उजवं फूल पडलं तर काम फत्ते, तसंच हे, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. फरक एवढाच, की इथे गाऱ्हाणं घालायला गुरव नव्हता.

शेजारी देशांचा करार साधा होता: शिकायला खुशाल या, शिकून झालं की आपल्या घरी जा. ज्याची परतण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या वर, त्यालाच विद्यार्थी-परवाना. अर्जदाराच्या संमतीने यंत्र त्याच्या नावाची सगळी कागदपत्रं वाचायचं आणि गरज पडली तर घरच्यांचा आवाज ऐकून ते मनापासून बोलतायत की वरवर, हेही ताडायचं.

मालवणच्या ऋजुता परुळेकरला मुळीच धास्ती नव्हती. श्रीलंकेतल्या विद्यापीठात प्रवाळ वाढवण्याचं शास्त्र शिकायला तिला प्रवेश मिळाला होता. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ पांढरं पडून मरत चाललं होतं आणि ते पुन्हा रुजवायचं तिने चार वर्षांपूर्वीच मनाशी धरलं होतं. परत यायचं म्हणूनच तर ती जात होती.

पडद्यावर आकडा उमटला: एकतीस.

“काहीतरी चुकलंय,” ऋजुता म्हणाली.

अधिकारी गावडेबाईंनी कारण उघडून वाचलं. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवलंय. त्यात लिहिलंय, ‘परदेशात कायमचं स्थायिक होण्यास तयार. परतण्याचा आग्रह नाही.’ खाली तुमची सही आहे.”

ऋजुताने असा फॉर्म जन्मात पाहिला नव्हता. पण सहीतला तो ‘ऋ’ तिने ओळखला. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिचं नाव आईच घालायची. ती वळली. मागच्या खुर्चीवर आई पिशवी पोटाशी धरून बसली होती.

“आई, माका न इचारता माझी सही केलंस?”

“अगो, सगळेच तसा लिवतत,” आई गडबडून म्हणाली. “बरी स्थळां येवची म्हणान लिवलंय. माका काय म्हायत, ह्यां यंत्र लग्नाचे फॉर्म पण वाचता?”

ऋजुताला संताप आला, पण तिने तो गिळला. लग्नाच्या बाजारात फॉर्मवर कोण खरं लिहितं? उंची दोन इंचांनी वाढते, रंग उजळतो, तशी ही तयारी. गावडेबाईही समजुतीने हसल्या. त्यांनी आईला यंत्रासमोर बसवलं.

“हा फॉर्म तुम्ही मुलीला न सांगता भरलात?” यंत्राने विचारलं.

“होय.”

आकडा झरझर चढला आणि चौऱ्याहत्तरवर थांबला. ऋजुताचा जीव भांड्यात पडला.

“शेवटचा प्रश्न. तो सगळ्या पालकांना विचारतात,” गावडेबाई म्हणाल्या. घर ज्याची वाट बघतं तोच परततो, असा त्या शास्त्राचा पहिला सिद्धांत होता.

“मुलीने परत यावं, अशी तुमची इच्छा आहे?” यंत्राने विचारलं.

“आसा मां! आई मी तिची.”

आकडा घसरला. शेहेचाळीस. खाली ओळ आली: उत्तर आणि आवाज जुळत नाहीत.

सहीचं ऋजुताने समजून घेतलं होतं. हे कसं समजून घ्यायचं? बावीस वर्षं जिच्या कुशीत ती झोपली, तिनेच तिला मनातल्या मनात उंबऱ्याबाहेर काढलं होतं. फसवलं गेल्याची भावना इतकी दाटून आली, की तिला आईकडे बघवेना.

“हयसर काय आसा?” आईचा आवाज चिरकला. “मी एकविसाव्या वर्षी लग्न करून इलंय, ती हयसरच रवलंय. तू तरी सूट. तू परत इलंस, तर माझ्यासारखीच अडाकशीत.”

“माका सुटूचा नाय, आई! माका माझो दर्यो व्हयो. कितीदा सांगलंय तुका! तुका ता खरा वाटलाच नाय?”

आईने मान खाली घातली. तिला ते कधीच खरं वाटलं नव्हतं.

गावडेबाईंनी घसा साफ केला. “पालकांना त्याच दिवशी एकदा पुन्हा उत्तर देता येतं. चार वाजेपर्यंत. नाहीतर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. पण पाठ केलेलं उत्तर चालत नाही हो. मनातूनच यावं लागतं.”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. पुढच्या अर्जदाराचा नंबर पुकारला गेला. ऋजुता आईसमोर उकिडवी बसली आणि तिने आपले डोळे पुसले. राग अजून ओसरला नव्हता.

“चार वाजेसर माझी वाट बघूक शिकशीत, आई?”