कोरड्या गावाचा पाऊस

मुन्याओला आईच्या हातच्या जेवणाची किंमत उरली नव्हती. मका-चवळीची मुथोकोई अर्धी टाकून उठायचा, लाल चिखलाचे बूट उंबऱ्यावरच आपटायचा आणि "शाळेच्या राखणीला जातो" म्हणून चालू पडायचा.

त्याची आई सियोकाऊ सगळं बघून ठेवत होती. शेळी चोरीला जावो की बांध सरको, छडा लावायला गाव तिच्याकडेच येई. या वेळी पाणीच गेलं होतं. संगणकाने त्यांचं क्यासू गाव भरपूर पावसाच्या गटात टाकलं आणि पाणीवाटपाच्या कचेरीने टँकर बंद केला. मुन्याओची बायको निंदा पहाटेपासून नदीच्या वाळूत खड्डे खणत होती.

"यंत्र बिघडलंय, अक्का," सियोकाऊचा भाऊ किलोन्झो म्हणाला.

"यंत्राला तहान लागत नाही. माणसं बघू."

कचेरीतली कवाता वैतागलेली होती. "आजी, यंत्राला गावांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत. रोज सकाळी नऊला गावोगावचे माप वाचणारे फोनवर पावसाचे आकडे पाठवतात, तुमच्याकडून मुन्याओ. ज्यांचा पाऊस एकाच दिवशी पडतो, त्यांना ते एका गटात बांधतं. तुमचं क्यासू आणि डोंगरावरचं इल्वा आठ महिने जुळ्यांसारखी चालतायत. तुमचा आकडा दर पावसाला दोन मिलिमीटरने कमी, एवढंच."

"इल्व्याचं माप कोण घेतं?"

"कालुंडे. एकटीच राहते."

"म्हणजे तिने आपला पाऊस पळवला?" किलोन्झोने विचारलं.

"पाऊस काय शेळी आहे? चल."

शाळेच्या मैदानात सियोकाऊने पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात बोट घातलं. तळाचं भोक कुंभारीण माशीने मातीने लिंपलं होतं. घरट्यावर घरटं, तीन थर, दगडासारखे वाळलेले.

दुपारी तिने मुन्याओला अंगणात बसवलं. निंदा पाण्याचा डबा घेऊन आली, तशी तिलाही थांबवलं.

"मापात थेंब उतरत नाही, तरी तुझे आकडे जातात. इथली माती पांढरी, डोंगरावरची लाल, आणि तुझे बूट लाल. ताट अर्धं राहतं, कारण तू जेवून येतोस. सकाळी नऊ वाजता तू कालुंडेच्या दारात असतोस. तिच्या आकड्यातून दोन काढून आमच्या नावावर धाडतोस."

"रोज काहीतरी कळवावं लागतं, आई."

"शून्य कळवायचं होतंस."

निंदाने डबा खाली ठेवला. "शाळेत थंडी वाजेल म्हणून मी घोंगडी दिली होती. कुठेय ती?"

मुन्याओची नजर डोंगराकडे गेली. किलोन्झोला आत्ता उमगलं. त्याने मान खाली घातली.

सियोकाऊ उठली. "मुन्या, आत्ता कचेरीत जाऊन कवाताला खरं सांग. टँकर येईपर्यंत नदीचं पाणी तू वाहशील. माप उद्यापासून निंदा वाचेल. मग इल्व्याला खुशाल जा. पोटचा तू आहेस, पण घर हिचं आहे."