रोज साडेदहाला पडणारा फोरम

"पडला," काका फोनवर म्हणाले. "आठव्यांदा."

धाकटीने घड्याळ पाहिलं. दहा चौतीस. तिने ऑफिसचं काम बाजूला सारलं, लॅपटॉप ओढला आणि दात-ओठ खात फोरम पुन्हा सुरू केला. तीन मिनिटांत तो उठून उभा राहिला, जणू काही झालंच नव्हतं.

धाकटी चौतीस वर्षांची होती. एका कंपनीचे अठरा सर्व्हर एकटी सांभाळत होती. पण घरात सगळ्यात लहान, म्हणून जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"उठला काका."

"उद्या परत झोपेल. जुन्या पेटीवर बावीस वर्षं एक दिवस पडला नाही. तू म्हणालीस, नवा सर्व्हर घेऊ. घेतला. आता भोगतोय." फोन बंद.

काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर हा फोरम सुरू केला होता. सॉफ्टवेअर फुकटचं, कॉम्प्युटर स्वतःचा, कोणाची मिंधेगिरी नाही. मशीन अडलं की माणसं तिथे प्रश्न टाकायची आणि जाणकार उत्तरं द्यायचे. जी मशीन आता कोणी बनवत नाही, त्यांची माहिती तेवढ्या एकाच जागी उरली होती. निम्मी उत्तरं काकांची होती, एका बोटाने टाइप केलेली.

तो कॉम्प्युटर, काकांची 'जुनी पेटी', थकला, तसं धाकटीने फोरम भाड्याच्या नव्या सर्व्हरवर हलवला. त्याला आज अकरा दिवस झाले होते. आणि आता फोरमच्या पहिल्या पानावर काकांची सूचना होती: रोजचा हा तमाशा आपल्याला झेपत नाही, रविवारी संध्याकाळी फोरम कायमचा बंद.

आज गुरुवार होता.

तिने सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. मदतकेंद्रातला आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"मॅडम, रीस्टार्ट करून पाहिलंत का?"

"आठ वेळा."

"मग मेमरी कमी पडत असेल."

"परवाच दुप्पट केली. तुमच्याच सांगण्यावरून."

"मग तिप्पट करून पाहता का?"

तिने फोन ठेवला, नाहीतर तोंडातून भलतंच काही निघालं असतं. मेमरी भरून फोरम कोसळतो, एवढं तिलाही सर्व्हरच्या नोंदीत दिसत होतं. ती का भरते? आणि दिवसभर सुरळीत चालून नेमकी सकाळी साडेदहाच्या आसपासच का? कोणतंही ठरावीक काम त्या वेळेला लावलेलं नव्हतं. तिने सगळ्या सेटिंग्ज तीनदा चाळल्या होत्या. स्वतःचाच राग यावा इतक्यांदा.

संध्याकाळी ती दुकानात गेली. काकांनी मान वर केली नाही. दाराजवळच्या मशीनवर वाकून ते एका गिऱ्हाईक बाईंना फैलावर घेत होते.

"सहा महिने हात लावला नाहीत, मग अडकणार नाही तर काय? माझ्याकडची बघा. विकायची असोत, मोडीतली असोत, रोज सकाळी एकेक फिरवतो. आपण नाही का उठल्यावर हातपाय हलवत?"

भिंतीला लागून सतरा मशीन ओळीने उभी होती. प्रत्येकावर कापडी आच्छादन, चारही कोपरे सारखे. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जुनी पेटीही तशाच एका आच्छादनाखाली होती. फोरम हलवला त्या रविवारी काकांनी ती धाकटीच्या देखत बंद केली होती. तिनेही आपल्या कामांच्या यादीत 'जुना सर्व्हर बंद' यापुढे खूण केली होती.

काकू हिशेबाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. गेल्या शुक्रवारी दाढ काढली, तेव्हापासून जास्तच चिडचिड चाललीये. त्या दिवशी दुकानही उघडलं नाही. दिवसभर गाल धरून बसले होते."

"चिडचिड दाढेची नाही," काका न वळता म्हणाले. "बावीस वर्षं जपलेली गोष्ट डोळ्यांदेखत मरतेय, त्याची आहे."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं म्हणून ती आणखी चिडली. ती तशीच बाहेर पडली. दारावरची 'सोमवारी बंद' ही पाटी तिने आपटलेल्या दाराबरोबर दोनदा हलली.

शुक्रवारी तिने सापळा लावला. फोरमचे दोन भाग असतात. एक, पोस्टी साठवून ठेवणारा डेटाबेस. दुसरा, त्यातून काढून त्या लोकांना दाखवणारा प्रोग्रॅम. डेटाबेसच्या आत कोण येतं-जातं, याची यादी ती सकाळी दहापासून डोळ्यांत तेल घालून पाहत बसली.

दहा वीसपर्यंत यादीत एकच नाव होतं. नव्या प्रोग्रॅमचं.

दहा एकवीसला दुसरं आलं.

धाकटी ताठ बसली. हा आगंतुक कुलूप फोडून आला नव्हता. खरा पासवर्ड देऊन, राजरोस आत आला होता. दहा तेहतीसला फोरम कोसळला. थोड्या वेळाने आगंतुकही गेला. तो जिथून आला तो पत्ता पाहिला, तर फक्त इंटरनेट कंपनीचं नाव कळलं. तिच्या अर्ध्या ओळखीच्यांकडे तीच कंपनी होती.

म्हणजे यंत्राचा दोष नाही. कोणीतरी करतंय. तिला हायसं वाटलं आणि संतापही आला.

पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता? तिला. काकांना, त्यांच्या खणात चिठ्ठी होती. फोरमवर शिस्त राखणाऱ्या टाचणीबाईंना. आणि तेलकटला. 'तेलकट' हे त्याचं फोरमवरचं नाव. तो पूर्वी देखभालीत मदत करायचा. दोन महिन्यांपूर्वी टाचणीबाईंशी भांडून त्याने बंदी ओढवून घेतली होती. फोरम हलवताना पासवर्ड बदलायचा धाकटीने कंटाळा केला होता. तिने कपाळावर हात मारला.

आधी टाचणीबाई. त्या निवृत्त शिवणशिक्षिका. फोरम बंद करून सगळ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप करावा, असं त्याच सगळ्यात मोठ्याने म्हणत होत्या.

"बाई, सकाळी दहा ते अकरा तुम्ही काय करता?"

"ही काय उलटतपासणी आहे?"

"आहे असं समजा."

"फोरमवर बसते. लोकांच्या चुकीच्या उत्तरांवर लाल शेरे मारते. आज एका शेऱ्यावर अर्धा तास घालवला, आणि पाठवणार तेवढ्यात तुमचा फोरम आडवा. मग पडल्याची तारीख-वेळ घालून माफीची सूचनाही मीच लिहायची! ग्रुप हवा म्हणते ते उगाच नाही. कंटाळलेय मी."

खरं होतं. बाईंचा अर्धवट शेरा धाकटीने नोंदीत पाहिला होता. स्वतःचं लिखाण रोज वाया घालवणारा गुन्हेगार विरळाच.

दुपारी तेलकटचा फोन लागला. मागे मशीनची घरघर होती.

"आज साडेदहाला कुठे होतात?"

"कारखान्यात. चारशे मशीन सांभाळतो मी इथे. फोन सकाळी गेटवर जमा करतो, आत्ता जेवणाच्या सुट्टीत हातात आलाय. विचारा गेटवाल्याला."

"तुम्हाला आमचा राग आहे."

"आहेच की. म्हणून तर टाचणीबाईंच्या माफीच्या सूचना रोज जेवताना वाचतो आणि उतरवून ठेवतो. तेवढीच चव येते जेवणाला." तो हसला. मग आवाज बदलून म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही पडलेल्या दिवसांची यादी कधी नीट पाहिलीत का? मंगळ, बुध, गुरू पडला. गेल्या शुक्रवारी नाही. शनी, रवी पडला. सोमवारी एकदाही नाही. हॅकर साप्ताहिक सुट्टी घेतो का?"

धाकटीने बोटांवर वार मोजले.

"आणि एक," तो म्हणाला, "काकांना बंद करू देऊ नका. माझं निम्मं काम मी तिथेच शिकलोय."

फोन ठेवून ती बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग तिने ऑफिसला कळवलं, उद्या उशिरा येईन.

शनिवारी दहाच्या आत ती दुकानात हजर होती. लॅपटॉप मांडीवर, स्टूल दाराशी. टाचणीबाईंनाही तिने फोनवर धरून ठेवलं होतं, स्पीकर सुरू करून.

"आज काय नवीन खूळ?" काकांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही तुमचं चालू द्या."

काकांनी तेलाची कुपी उचलली. पहिल्या मशीनचं आच्छादन काढलं, घडी केली, चाक फिरवलं, पायडल मारलं, कानोसा घेतला. मग दुसरं. मग तिसरं. घाई नाही, गडबड नाही. धाकटीला मात्र एकेक मशीन डोंगराएवढं वाटत होतं.

सतरावं झालं. काका तसेच पुढे कोपऱ्यात गेले. जुन्या पेटीचं आच्छादन काढलं. घडी केली. बटण दाबलं. पंखा घुरघुरला, तसं त्यांनी मायेने पेटीवरून हात फिरवला.

दहा बावीसला लॅपटॉपच्या यादीत दुसरं नाव आलं.

दहा बत्तीस. "पडला गं बाई!" टाचणीबाई स्पीकरवर ओरडल्या.

"बघ!" काका कडाडले. "बघ, तुझ्या नव्या सर्व्हरचे प्रताप!"

"काका, इकडे या. बसा." ती म्हणाली. "मारेकरी सापडलाय."

"कोण?"

"ती पेटी कशाला सुरू केलीत?"

"म्हणजे काय? बसवून ठेवली तर निकामी होईल. रोज पंधरा मिनिटं फिरवतो आणि वायर काढतो. उद्या तुझं नवं मेलंच, तर हीच कामाला येईल. तिचा काय संबंध?"

"सांगते. आपण सगळं एका दिवसात हलवलं नव्हतं. आधी फक्त डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला. दोन दिवस ही पेटीच इथून त्या नव्या डेटाबेसशी बोलत होती, फोरम बंद राहू नये म्हणून. मग प्रोग्रॅमही तिकडे नेला आणि तुम्ही पेटी बंद केलीत. मी यादीत खूण केली आणि हात झटकले. पण पेटीला तो पत्ता अजून पाठ आहे, पासवर्डही पाठ आहे."

"असेना."

"तुम्ही रोज बटण दाबता, ती उठते आणि नव्या डेटाबेसमध्ये शिरते. इतका वेळ बंद होते, कामं साचली असतील, असं समजून सगळ्या पोस्टींची यादी पहिल्यापासून नव्याने लावायला घेते. बावीस वर्षांच्या. आणि तेवढा वेळ पोस्टींना कुलूप लावून ठेवते. एकाच वहीवर दोन कारकून बसवल्यासारखं. एकाने वही धरून ठेवली, की दुसऱ्यापुढे माणसांची रांग वाढत जाते. दहा मिनिटांत मेमरी भरते, फोरम कोसळतो. मग तुम्ही वायर ओढता, वही सुटते आणि मी सुरू केलेला फोरम मजेत चालतो. मला वाटतं, मीच उठवला."

काकांच्या हातातली कुपी तिरपी होऊन फरशीवर तेल ठिबकत होतं. काकूंनी ती हळूच काढून घेतली.

"सोमवारी दुकान बंद, फोरम शाबूत," धाकटी म्हणाली. "गेल्या आठवड्यात शुक्रवारी तुमची दाढ काढली, दुकान बंद, फोरम शाबूत. ज्याची सुट्टी आणि फोरमची तब्येत इतकी जुळते, असा माणूस मला एकच माहीत होता. पण मनाला पटेना. म्हणून डोळ्यांनी बघायला आले."

"म्हणजे मी..." काका म्हणाले.

"तुम्ही आणि मी. मी दार उघडं टाकलं. पासवर्ड बदलणं माझं काम होतं, दोन मिनिटांचं, आणि ते न करता मी दहा दिवस मेमरी विकत घेत बसले. पण काका, मला तुमचा फार राग आलाय. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. नुसतं बोललात."

काका उठले. पेटीपाशी गेले आणि तिची वायर काढली. मग नेहमीप्रमाणे आच्छादन घातलं नाही. मागच्या बाजूने इंटरनेटची तारही ओढून काढली आणि गुंडाळून काकूंच्या हातात दिली.

"फिरवली नाही तर ती खराब होईल?" त्यांनी धाकटीकडे न बघता विचारलं.

"कधीतरी होईल."

"होऊ दे."

धाकटीने पासवर्ड बदलला आणि फोरम सुरू केला. काका तिच्या स्टुलावर बसले, लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटाने टाइप करू लागले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला काकूंनी नंतर यायला सांगितलं. पाऊण तास गेला. टाचणीबाई मधूनमधून विचारत होत्या, "काय लिहिताहेत?" आणि धाकटी म्हणत होती, "माहीत नाही."

मग पहिल्या पानावर ते उमटलं.

'सभासदहो, फोरम मी पाडत होतो. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, जपतोय असं समजून. पुतणीला दहा दिवस नाही नाही ते बोललो. तिचं काम चांगलं होतं. तिला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. तेलकटवरची बंदी उठवली आहे. फोरम उद्या बंद होणार नाही, परवाही नाही. रखमा, म्हणजे टाचणीबाई, माझ्या चुकीच्या शब्दांवर लाल शेरे मारतीलच. मारू द्या. - काका'

"माझं खरं नाव कशाला घातलंत!" टाचणीबाई किंचाळल्या.

धाकटीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं धूसर झाली, तशी ती थांबली.

काका खाकरले. "चालेल ना एवढं?"

"चालेल."

"मग ऊठ. चहा घेऊ. आणि त्या पासवर्डची चिठ्ठी नवीन करून दे. या वेळी कशाकशाला हात लावायचा नाही, ते पण खाली लिही. मोठ्या अक्षरात."