झळगंध

काचघरातल्या ज्वारीच्या एकाच धाटाला डॉ. इरफान मणेरांनी गरम वाऱ्याची झळ दिली आणि घटकाभरात बाकीच्या साऱ्या धाटांनी पानांच्या सुरळ्या केल्या.

"कणसाला झळ लागली की गंध सुटतो," ते पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला सांगू लागले. "शेजारच्या धाटाला तो पोचला की तेही गंध सोडतं. असा निरोप शिवारभर जातो. मग पीक दाण्याचा नाद सोडून सगळा रस मुळांत ओढून घेतं. पाऊस झाला की पुन्हा फुटतं."

"आणि दाणा?"

"तो जातो. पण एरवी दुष्काळात दाणाही जातो आणि मूळही."

"निरोप खोटा निघाला तर?"

"एवढी झळ दुष्काळातल्या वाऱ्याशिवाय यायची कुठून?" हे वाण घडवणारी चारुशीला ढोबळे म्हणाली. हे बोलताना तिला कसलीच शंका नव्हती.

तिने बियाणं दिलं ते सख्ख्या भावाला, अंबादासला. अंबादासने पेरलं म्हणून आसपासच्या गावांनीही पेरलं. दुष्काळामुळे तीन वर्षं तिथे कुणाच्या घरात घरची ज्वारी नव्हती. यंदा मात्र परतीचा पाऊस मनासारखा झाला, थंडी पडली, आणि पौषात कणसं अशी भरली की बघत राहावं.

"आक्का, मणेरसाहेबांना घेऊन हुरड्याला ये," अंबादासचा फोन आला. तीही लगेच निघाली.

बांधाजवळ आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कोवळी कणसं खुपसलेली, शेजारी चटणी आणि गूळ. अंबादासने गरम कणीस चोळून दाणे तिच्या हातावर ठेवले. पहिला घास तोंडात टाकला आणि तिला वास आला. काचघरातला तोच तुरट वास. मणेरांचाही हात थांबला.

काचघरात हरतऱ्हेची झळ देऊन पाहिली होती. हुरडा भाजून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. लहानपणापासून हुरडा खाल्लेल्या तिलासुद्धा.

आगटीजवळच्या ओळींची पानं मिटू लागली होती.

"पाणी ओतू का आगटीवर?" तिचा चेहरा बघून अंबादास घाबरला.

"आता उपयोग नाही रे. धाटंच एकमेकांना सांगताहेत."

"मग पाणी पाजतो रानाला."

"पाऊस लागतो, अंबादास. वरून पडणारा. आम्हीच तसं केलंय."

पाऊस यायचा तो थेट मृगात. ती बांधावर चढली. यंदा पीक चांगलं, म्हणून गावोगावच्या लेकीबाळी, पाहुणे हुरड्याला आले होते. जिथे जिथे ज्वारी भरली होती, तिथे तिथे धूर दिसत होता.